हिरव्या खुणेची विहीर

माझी मावशी कपडे धुते. कुणी विचारलं की मी एवढंच सांगते आणि समोरचा माणूस वाट बघत राहतो, त्याला वाटतं पुढे काहीतरी असेल. पुढे काही नाही. दवाखान्याच्या चादरी, टेकडीवरच्या हॉटेलचे टॉवेल, वीजकेंद्रातल्या कामगारांचे निळे डगले, गल्लीतली पांघरुणं, सगळं तिच्या मागच्या अंगणात येतं, हौदात भिजतं, दगडावर आपटतं, दोरीवर चढतं आणि वाळून पुढच्या खोलीत माझ्यासमोर येऊन पडतं. इस्त्री माझ्याकडे. मावशीच्या मते इस्त्री हे काम नव्हेच, ते नखरे आहेत. खरं काम ओलं असतं.

बाई बुटकी, आवाज मोठा, राग नाकाच्या शेंड्यावर. पण दारात माणूस आला की पहिला शब्द "बस" आणि दुसरा "पाणी घे". तू कोण, कुठून आलास, हे सगळं नंतर. मग तो विजेचं मीटर बघायला आलेला असो नाहीतर चुकीच्या दारात शिरलेला, पाणी पिऊनच जाणार, आणि तेही चांगलं पाणी. चांगलं म्हणजे टेकडीवरच्या झऱ्याचं. हॉटेलचे टॉवेल पोचवून येताना मी कॅन भरून आणायचे, ते स्वयंपाकघरातल्या माठात ओतलं जायचं, आणि त्या माठाला पाहुण्यांव्यतिरिक्त कुणी हात लावलेला मावशीला खपायचा नाही. आम्ही घरचे लोक विहिरीचं पाणी प्यायचो.

ती विहीर म्हणजे मावशीचा जीव की प्राण. अंगणाच्या कोपऱ्यात, दगडी कठड्याची, वर पंप बसवलेला. काका अचानक गेले तेव्हा तिच्याजवळ दोन हात आणि ही विहीर एवढंच होतं. त्याच्यावर तिनं लेकीला शिकवलं आणि मलाही सांभाळलं.

लेक, म्हणजे माझी ताई, वीजकेंद्राच्या नियंत्रण कक्षात बसते. आमच्याकडे वीज जमिनीतल्या उष्णतेवर होते. खूप खोल भोकं पाडून तिथलं उकळतं पाणी आणि वाफ वर काढतात, वाफेच्या जोरावर चाकं फिरवतात आणि काम झालेलं पाणी दुसऱ्या भोकातून परत जमिनीत सोडतात. धूर नाही, राख नाही. ताई हे कौतुकानं सांगायला लागली की मावशी म्हणायची, "म्हणजे धुणंच की. काढा, पिळा, परत आत घाला." ताई कपाळाला हात लावायची.

ताईचा नवरा बोटीवर कामाला, पाहुण्यासारखा येणार आणि जाणार. त्यामुळे ताईची मुलगी, आमची चिमणी, मावशीच्याच मांडीवर वाढली म्हटलं तरी चालेल. बाळंतपणाची रजा संपून ताई पाळीवर जाऊ लागली आणि चिमणी दिवसभर आजीकडे, बाटलीच्या दुधावर.

त्याच थंडीत आमची विहीर कोमट झाली.

कळलं ते अर्थात मावशीला. थंडीत तिच्या हातांना भेगा पडायच्या आणि सकाळी पहिल्या बादलीत हात घालताना ती पाण्याला एक शिवी द्यायची. त्या सकाळी शिवी ऐकू आली नाही, म्हणून मी मागे डोकावले. ती कोपरापर्यंत हात बुडवून उभी होती आणि एकटीच हसत होती.

"ये, हात घाल," म्हणाली.

मी घातला. आंघोळीला काढून थोडा वेळ विसरलेलं पाणी असतं ना, तसं लागलं.

"जमिनीला माझी दया आली गं," मावशी म्हणाली.

मग काय, विहिरीच्या कौतुकाला पारावार राहिला नाही. हातांच्या भेगा भरून आल्या. साबणाला फेस येईना, तेव्हा तिनं साबणवाल्याला फैलावर घेतलं, "भेसळ करता आणि वर दात काढून हसता?" बिचाऱ्यानं साबण बदलून दिला. त्यालाही फेस येईना, तेव्हा हल्ली सगळेच साबण नासलेत असा निकाल लागला. चादरींवर वाळल्यावर पांढरट पूड धरायची आणि माझी इस्त्री खरखरायची. तो दोष माझ्या इस्त्रीचा. पाण्याला विझलेल्या काडीसारखा वास यायचा, पण भांड्यात ठेवलं की जायचा. चहा काळाकुट्ट व्हायचा. "कडक लागतो," मावशी म्हणायची. लाडक्या माणसाचे दोष आपण पोटात घालतो, तसे तिनं विहिरीचे घातले. मात्र पाहुण्यांना ती तो चहा देत नसे. पाहुण्यांचा चहा माठातल्या पाण्याचा.

एकदा मी विचारलं, "मग चिमणीच्या दुधालाही माठातलंच पाणी का घेत नाहीस?"

मी चिमणीला बर्फावर निजवायला सांगितल्यासारखं तिनं माझ्याकडे पाहिलं. "झऱ्याचं पाणी? लेकराला? अगं, ते थंड गुणाचं. कितीही उकळ, त्याचा थंडपणा जात नाही. छातीत सर्दी धरेल तिच्या. आणि हे बघ, हे कसं ऊब घेऊनच येतं."

तर असं होतं. पाहुण्यांना झऱ्याचं आणि नातीला विहिरीचं. रोज पाणी उकळायचं, निववायचं, मनगटावर थेंब टाकून बघायचं, मग बाटली. मावशी कुणाशी एवढं हळू बोलताना मी पाहिलं नव्हतं, जेवढं ती चिमणीला दूध पाजताना बोलायची. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण पुढचं सगळं ऐकल्यावर कुणाला वाटेल की बाई निष्काळजी होती. तिनं त्या पोरीला तळहातावरच्या फोडासारखं जपलं होतं.

गल्लीतल्या आणखी काही विहिरी कोमट झाल्या होत्या, चव बिघडली होती. कुणीतरी तक्रार केली आणि प्रयोगशाळेतून एक मुलगी पाण्याचे नमुने घ्यायला आली. खांद्याला बर्फाची पेटी, पिशवीत बाटल्या. एकेक घर करत आमच्याकडे पोचेपर्यंत दुपार झाली होती. मी चादरी पोचवायला गेले होते, त्यामुळे काय झालं ते मला पुढे मावशीच्याच तोंडून कळलं. मुलीचा उतरलेला चेहरा बघून मावशीचा जीव कळवळला.

"आधी बस. किती फिरवतात गं तुला? पाणी घे."

मुलगी पाणी प्यायली आणि म्हणाली, "मावशी, किती गोड पाणी आहे हो तुमचं! बाकी कुठेच असं नाही मिळालं."

मावशी सुखावली.

"विहीर कुठे आहे? मला बाटली भरून घ्यायचीय."

"मागे सगळा साबणाचा राडा झालाय, बुटांची वाट लागेल तुझ्या. आण इकडे, मी आणते भरून."

दमलेल्या मुलीनं बाटली दिली. मागच्या दाराकडे जाताना वाटेत स्वयंपाकघर लागतं. मावशी तिथे थबकली. एवढ्या उन्हातान्हाची आलेली पोर, पाणी मागतेय, आणि तिच्या हातात ते वासाचं पाणी ठेवायचं? घराची काही अब्रू आहे की नाही? बाहेरच्या माणसाला द्यायचं ते चांगलंच द्यायचं, हे तिच्या हाडीमाशी भिनलेलं. तिनं बाटली विसळली, बाहेरून पुसली, माठातलं पाणी काठोकाठ भरलं आणि झाकण घट्ट लावून मुलीला नेऊन दिलं. फसवणं तिच्या मनातही आलं नाही. मला हे कळलं तेव्हा हसावं की रडावं तेच समजेना.

काही दिवसांनी निकाल आला. वीजकेंद्राचं वापरलेलं पाणी ज्या भोकातून परत खाली सोडतात, त्यातला लोखंडी नळ अर्ध्या वाटेवरच फुटला होता. पार खालचं ते गरम, खारट पाणी वरच्या थरात झिरपत होतं, आणि आमच्या विहिरी त्याच थरातल्या. त्या पाण्यात क्षार होते आणि आर्सेनिक होतं. आर्सेनिक म्हणजे सोमल. जुन्या माणसांना तो उंदरांच्या औषधात असतो म्हणून ठाऊक. मावशीलाही ठाऊक होता. विहिरींवर रंगाच्या खुणा झाल्या. लाल म्हणजे पिऊ नका. गल्लीतली एकेक विहीर लाल झाली आणि त्या घरांसाठी पाण्याचा टँकर सुरू झाला, नळ टाकायचं ठरलं.

आमच्या विहिरीवर हिरवी खूण झाली.

मावशीचे पाय जमिनीवर ठरेनात. खुणेवर चिखलाचा शिंतोडा उडाला तरी ओल्या फडक्यानं पुसायची. "बघ, मी म्हणत नव्हते?" हे ती मला म्हणाली, ताईला म्हणाली, साबणवाल्याला म्हणाली आणि चिमणीला तर प्रत्येक बाटलीबरोबर म्हणाली. ताईचाही जीव भांड्यात पडला होता. प्रयोगशाळेनं सांगितलंय म्हटल्यावर आणखी काय हवं?

मग एका सकाळी टँकर आला नाही आणि शेजारचे बेकरीवाले दादा बादली घेऊन आमच्याकडे आले. मावशीनं पंप सुरू करून दिला. दादांनी ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि तिथेच उभे राहिले.

"मावशी, राग येणार नसेल तर एक बोलू?"

"येणार. बोल."

"हे तर अगदी आमच्या विहिरीसारखं लागतंय. तेवढंच कोमट, तेवढंच खारट."

"हिरवी खूण दिसत नाही तुला? का डोळे भट्टीपाशी ठेवून आलास?"

दादा रिकामी बादली घेऊन परत गेले. मावशी पुटपुटत आत आली. पीठ मळून मळून याची जीभ बधिर झालीय, लोकांना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही, वगैरे वगैरे. चिमणी उठली होती. उकळून निववलेलं पाणी तयार होतं. मावशीनं ते बाटलीत घेतलं, पुटपुटणं चालूच होतं, मनगटावर थेंब टाकला आणि एकदम गप्प झाली. बोलणारी मावशी ही घरात कायम चालू असलेली गोष्ट. ती थांबली म्हणून मी इस्त्री उभी करून आत गेले.

ती बाटलीकडे बघत होती.

"त्या पोरीला मी कोणतं पाणी दिलं होतं गं?"

"मला काय माहीत? मी होते कुठे घरात?"

"माठातलं दिलं मी," ती म्हणाली आणि खाली बसली. मला समजायला थोडा वेळ लागला. हिरवी खूण माठाची होती. विहिरीचं पाणी कुणी तपासलंच नव्हतं आणि चिमणी महिनोन्महिने तेच पीत होती.

चिमणीनं रडून घर डोक्यावर घेतलं होतं. मावशी उठली. बाटली मोरीत ओतली, घासली, परत घासली. माठातलं पाणी शेगडीवर ठेवलं. दुधाची पावडर मात्र तिनं मला मोजायला लावली. चिमणी हुंदके देत दूध प्यायली. सर्दीचं नाव मावशीनं काढलं नाही.

मी आपली शहाणपणा करायला गेले. म्हटलं, "आता बदललं ना पाणी? उद्या प्रयोगशाळेत फोन करू, पुन्हा तपासा म्हणू. ताईला एवढ्यात कशाला सांगायचं?"

मावशी रागावली नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटली. "डॉक्टरांना कळायला नको, पोरीच्या पोटात काय गेलंय ते? मी तोंड मिटून बसले तर त्यांनी शोधायचं काय?"

संध्याकाळी ताई आली. आयुष्यात पहिल्यांदा मावशीनं दारातून आलेल्या माणसाला पाणी विचारलं नाही. ताईच्या पायात बूट तसेच होते आणि मावशीनं सगळं सांगून टाकलं, बाटली, माठ, बेकरीवाले दादा, सगळं.

"कधीपासून पितेय ती?" ताईनं विचारलं.

"विहीर कोमट झाली तेव्हापासून."

ताईनं चिमणीला माझ्याकडून घेतलं आणि जिना चढून वर आपल्या खोलीत गेली. दार लागल्याचा आवाज आला. ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडण्याला आमच्या घरात उत्तरं आहेत.

फोन केल्यावर दुसऱ्याच दिवशी प्रयोगशाळेतली मुलगी धावत आली. या वेळी तिनं बाटली हातातून सोडली नाही. राड्यातून विहिरीपर्यंत गेली, पंप बराच वेळ चालू ठेवला, मग स्वतः पाणी भरलं. मावशी लांब उभी होती.

"मी तुला फसवलं गं पोरी."

"नाही हो मावशी. बाटली दुसऱ्याच्या हातात द्यायची नसते, हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात. शेजारचं पाणी कोमट आणि तुमचं गार, तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. चूक माझी आहे."

"म्हणजे चुकीतही वाटा मागतेस?" मावशी म्हणाली आणि मग अडखळत विचारलं, "मी उकळून द्यायचे हं तिला. रोज उकळायचे. त्यानं काही फरक पडला असेल ना?"

मुलीनं बाटलीचं झाकण घट्ट लावलं. ती खोटं बोलली असती तर मी तिला मिठी मारली असती. "उकळल्यानं आर्सेनिक जात नाही, मावशी. पाणी आटतं, ते तसंच राहतं."

मावशीनं मान हलवली आणि हौदाकडे वळली.

हिरवा रंग खरवडून तिथे लाल खूण झाली. वीजकेंद्रानं ते भोक बंद केलं आणि आमच्या अंगणातही नळ आला. चिमणीची लघवी तपासली, त्यात आर्सेनिक निघालं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर कळलं, वजन चांगलं आहे, खेळतेय, हसतेय. स्वच्छ पाण्यावर शरीर हे हळूहळू बाहेर टाकतं. पुन्हा तपासू. काहीच होणार नाही असं लिहून द्याल का, असं ताईनं विचारलं, तेव्हा ते म्हणाले, तसं कुणालाच लिहून देता येत नाही.

ताईनं रजा घेतली. चिमणी वर, मावशी खाली. ताई आईशी बोलायची, पण जेवायला काय, कपडे वाळले का, एवढंच. चिमणीच्या बाटल्या ती स्वतः करायची, स्वतः धुवायची. मावशी नळाच्या गार पाण्यात चादरी बडवायची. हातांना परत भेगा पडल्या होत्या आणि त्या ती कुणाला दाखवत नव्हती. मधूनच तिचं बडवणं थांबायचं. मी खिडकीतून बघायचे, तर ती हातातली चादर तशीच धरून वरच्या खिडकीकडे कान लावून उभी असायची. चिमणी वर काहीतरी बडबडत असायची. ती थांबली की मावशीचं बडवणं सुरू.

एकदा मी ताईला जिन्यातच गाठलं. "किती दिवस हे चालणार? जीव अर्धा झालाय तिचा."

ताई पायरीवर बसली. "मला तिचा राग आलाय की माझाच, तेच कळत नाही. मी दिवसभर पडद्यावर काय बघते माहीत आहे? कोणत्या नळात किती तापमान. तेच माझं काम. आणि घरची विहीर तापली, तर मी त्या पाण्यानं आंघोळ केली, बरं वाटलं आणि कामावर निघून गेले."

"मग हे तिला सांग ना."

"सांगेन गं. आधी माझ्या घशाखाली तर उतरू दे."

रजा संपत आली. वीजकेंद्राजवळ एक पाळणाघर आहे, ताई तिथे जाऊन बघून आली, हे मावशीला मीच सांगितलं. तिनं चिमणीची झबली, टोपडी, दुपटी धुऊन, घडी घालून जिन्याच्या पहिल्या पायरीवर ठेवली.

सकाळी ताई निळा डगला घालून खाली आली. कडेवर चिमणी, खांद्याला तिच्या बाटल्यांची पिशवी. मावशी अंगणातून आत आली, ओले हात पुसले, पण पुढे झाली नाही. दाराशीच उभी राहिली.

"टोपडं घाल तिला," म्हणाली. "बाहेर वारा आहे."

"बाहेर कशाला जातेय ती?" ताई म्हणाली आणि चिमणीला मावशीच्या हातात दिलं.

चिमणीनं लगेच मावशीचा कान धरला आणि ओढला.

"अगं, दुसरी तपासणी व्हायचीय अजून," मावशी म्हणाली.

"होऊ दे. त्यात निघायचं ते निघेल. ही तुझ्याकडेच राहणार."

"मला भीती वाटते गं आता," मावशी म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक होऊ शकतो हे मला माहीत नव्हतं. "बाटली हातात घ्यायची भीती वाटते."

"मलाही वाटते, आई. त्या पडद्यासमोरच्या खुर्चीत बसायची. माझ्याच डोळ्यांसमोर घरची विहीर तापली आणि मला दिसलं नाही." ताईनं पिशवी टेबलावर ठेवली, आईच्या खांद्यावरून हात फिरवला आणि निघाली.

ती फाटकातून वळून दिसेनाशी झाली तरी मावशी चिमणीला छातीशी धरून तिथेच उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. थोड्या वेळानं चिमणी भुकेनं कुरकुरू लागली. मावशीनं तिला माझ्याकडे दिलं, डोळे पुसले आणि दूध करायला आत गेली.